केशोरी ते नागपूर : अपिलाचा लांबचा रस्ता

खास प्रतिनिधी

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि पश्चिम महाराष्ट्र व दक्षिण कोकणातील सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी टळली. विदर्भाला या प्रश्नाची झळ तुलनेने कमी बसली. नागपुरात १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले आणि किमान तीन न्यायमूर्तींनी नागपुरात बसावे, अशी तरतूद १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ मध्येच झाली. त्या कलमात नाव असलेल्या भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला.

याच जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे गडचिरोलीच्या सीमेलगतचे, जंगलाने वेढलेले गाव. येथील शेतकऱ्याच्या बांधाचा वाद प्रथम तालुक्याच्या न्यायालयात, अपिलात गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात आणि त्यानंतरच नागपूर खंडपीठापुढे जातो. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही नव्याने तपासले जातात. दुसऱ्या अपिलाचे दार मात्र फारच अरुंद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर उच्च न्यायालय तेथे केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच लक्ष घालते. ‘नागपुरात सारे पुन्हा सांगू’ अशा भरवशावर बसलेल्या पक्षकाराची तेथे निराशा होते.

मुळात अपिलात सांगण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. साक्षीदार सहसा पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. न्यायमूर्तींपुढे असते ते त्याच्या जबानीचे कागद. खरी अडचण येथेच आहे. या भागातील माणूस झाडीबोलीत बोलतो. ते प्रमाण मराठीत नोंदविले जाते. १९९८ च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची भाषा मात्र घटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी. त्यामुळे एकच वाक्य नागपूरला पोहोचेपर्यंत दोनदा कूस बदलते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथील उच्च न्यायालयांत हिंदीच्या वापराला मुभा मिळाली. मराठीला ती मिळालेली नाही. निवडक निकालांची मराठी भाषांतरे आता उपलब्ध होतात, हे स्वागतार्हच. पण निकाल समजणे आणि आपली बाजू नेमकी पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदावर चालणारे हे न्यायालय काय करू शकते, हे शेजारच्या जिल्ह्यांतील दोन प्रकरणांत दिसले. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाविना अमलात येत नाही. खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली, आणि हत्येमागे जातीय हेतू असल्याचे मान्य केले नाही. दलित समाजातून त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. ती समजण्याजोगीच होती.

दुसरे प्रकरण प्रा. जी. एन. साईबाबा यांचे. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये त्यांना जन्मठेप दिली. खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी खटल्याच्या मंजुरीतील दोषावरून सर्व आरोपींना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्या निकालाला स्थगिती दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये फेरसुनावणीचा आदेश दिला. ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाच्या वेगळ्या पीठाने पुन्हा निर्दोषत्वाचाच निर्णय दिला. तोवर शिक्षेला सात वर्षे लोटली होती आणि एका आरोपीचा कोठडीतच मृत्यू झाला होता. साईबाबा यांचेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले. अपील यशस्वी झाले खरे. सात वर्षांची भरपाई मात्र कोणत्याही निकालपत्रात नसते.

ही गाजलेली प्रकरणे होती. त्यांना नामवंत वकील मिळाले. केशोरीसारख्या गावातील आरोपीसाठी मुदत हीच पहिली परीक्षा. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवसांत, फाशीविरुद्ध तीस दिवसांतच अपील करावे लागते. कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील धाडता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. नागपुरात त्यासाठी उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. दिवाणी पक्षकाराला मात्र नकलेसाठी अर्ज करावा लागतो. ती तयार होण्यास लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. अर्ज करण्यातच घालवलेले दिवस वगळले जात नाहीत.