जुना ब्रेल डिस्प्ले भंगारात घालण्यापूर्वी



एका कामगार बंधूंनी आम्हाला एक अडचण सांगितली. त्यांची मुलगी जन्मांध, यंदा कॉलेजात आहे. कोणीतरी आपल्याकडचा जुना ब्रेल डिस्प्ले तिला दिला. घरात आनंदीआनंद झाला. पण डिस्प्लेची केबल नऊ पिनांची, आणि नव्या लॅपटॉपला तसले भोकच नाही. दुकानदाराने वरवर पाहून निकाल दिला, "भंगार आहे, नवा घ्या." चाळीस सेलचा नवा डिस्प्ले घ्यायचा तर लाखाच्या वर रक्कम मोजावी लागते. ती त्यांनी कोठून आणावी? आमचे म्हणणे असे की असली जुनी यंत्रे बहुतेक वेळा मेलेली नसतात. नव्या संगणकाशी त्यांची फक्त ओळख तुटलेली असते.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कीबोर्डच्या पुढे ठेवायची ही एक लांबट पेटी. तिच्यावर सेलची एक ओळ असते आणि प्रत्येक सेलमध्ये आठ बारीक पिना. वीज मिळाली की आतल्या पट्ट्या वाकतात आणि पिना वर येतात. पडद्यावरील मजकूर स्क्रीन रीडर हा प्रोग्राम उचलतो, त्याचे ब्रेल करतो आणि कोणती पिन वर करायची ते पेटीला कळवतो. मुलगी बोटाने ती ओळ वाचते, बटण दाबते, पुढची ओळ येते.

कोणी म्हणेल, संगणक आता मोठ्याने वाचून दाखवतो, मग ब्रेल हवे कशाला? हा प्रश्न आम्हाला पटत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकाराला २ व ४ हे ठिपके, दीर्घ ईकाराला ३ व ५. बोटाला फरक तत्काळ कळतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे. पंधरा हजार पन्नास आणि पंधरा हजार पाचशे हे आकडे दिवसभर नुसते ऐकून खतावणी तपासायची म्हटली तर आमचीही दांडी उडेल. ऐकणाऱ्याला भाषा येते. शुद्ध लिहायचे तर अक्षर वाचावेच लागते. या मुलीला पुढे नोकरीच्या परीक्षेला बसायचे आहे.

आता जोडणीकडे वळू. पहिली गोष्ट विजेची. सीरियल म्हणजे त्या नऊ पिनांच्या केबलमधून यंत्राला चालण्याइतकी वीज मिळत नाही, त्याचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. दान देताना नेमका तोच कपाटात राहतो! घरातला कुठलाही चार्जर लावू नका. यंत्रामागच्या लेबलावरचे व्होल्ट आणि अधिक-उणे टोक जुळले पाहिजे. पेटी स्वतः उघडू नका, पिना हलवण्यासाठी आत सुमारे २०० व्होल्टचा दाब तयार होतो.

मग सीरियलचे यूएसबी करणारी वायर आणायची. खरी मेख येथे आहे. वायरीच्या टोकात एक चिप असते आणि स्वस्त वायरींत ती जुनी किंवा नकली निघते. प्रोलिफिक कंपनीच्या काही जुन्या चिपा तिचाच नवा ड्रायव्हर चालवत नाही. एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने तर २०१४ साली नकली चिपा निकामी केल्या होत्या, आणि तो विंडोजच्या अपडेटमधून लोकांच्या संगणकात शिरला होता. दोष वायरीचा आणि नाव मात्र डिस्प्लेचे खराब. त्या बंधूंच्या घरी हेच निघाले. वायर बदलली, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' या नावाखाली कॉम ४ दिसू लागले.

एवढ्याने पिना उठत नाहीत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांच्या मेहनतीतून उभा राहिला. काम २००६ साली सुरू झाले, आणि तो आजही फुकट मिळतो. नवे डिस्प्ले तो आपोआप ओळखतो. मात्र पापेनमायरच्या जुन्या ब्रेलेक्स यंत्रांसारखी जी केवळ सीरियलवर चालतात, ती तशी ओळखली जात नाहीत. लोक 'ऑटोमॅटिक' ठेवून वाट पाहतात आणि यंत्र मेले म्हणून हात टेकतात. इन्सर्ट, कंट्रोल आणि ए या कळा एकदम दाबल्या की डिस्प्ले निवडायची खिडकी उघडते. तेथे यंत्राचे नाव आणि कॉम क्रमांक स्वतः निवडायचा. त्यानंतर ब्रेलच्या सेटिंगमध्ये मराठीची तक्ता-निवड करावी, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी भलतेच ठिपके उठतात.

यादीत यंत्राचे नाव नसेल तर बीआरएलटीटीवाय नावाचा दुसरा फुकट प्रोग्राम आहे. १९९५ पासूनचा हा प्रोग्राम मूळचा लिनक्सवरचा, आणि जुन्यापुराण्या यंत्रांची भाषा त्याला येते. तो विंडोजवरही बसतो आणि एनव्हीडीए त्याच्यामार्फत डिस्प्लेशी बोलू शकतो. बसवताना थोडा खटाटोप आहे, संगणक शिकलेल्या एखाद्या पोराला हाताशी घ्यावे.

जुने यूएसबीचे डिस्प्ले असतील तर अडचण निराळी. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे आणि ३२ बिटच्या काळातला ड्रायव्हर त्यावर बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येणार. सीडीवरचा ड्रायव्हर घालण्याआधी एनव्हीडीएच्या माहितीपुस्तकात आपले मॉडेल पाहावे. काही यंत्रांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ब्रेल यंत्रांसाठी २०१८ साली यूएसबीचे एक समान मानक जाहीर झाले. त्याप्रमाणे बनलेल्या नव्या यंत्रांना ही कटकट उरली नाही, पण दानात येतात ती जुनीच.

संस्थांना आमची विनंती: यंत्र देताना अडॅप्टर, केबल आणि मॉडेलचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या. आणि घरच्यांनो, वाचण्याआधी हात धुऊन कोरडे करायची सवय मुलांना लावा, बोटाचा मळ पिनांत बसतो. दोन स्क्रीन रीडर एकाच वेळी चालू ठेवू नका. एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. यूएसबीची वायर रोज त्याच भोकात घाला. भोक बदलले तर कॉम क्रमांकही बदलू शकतो, आणि मग घरात पुन्हा "बिघडले, बिघडले" सुरू होते. तो क्रमांक ब्रेलमध्ये टोचून पेटीच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवावा.