आईनं ओळखलं

मायबहिणींनो, दीपिका पदुकोण ही मोठी सिनेनटी. नाव, पैसा, कशाची वाण नव्हती. तरी २०१४ साली तिला सकाळी उठावंसं वाटेना, पोटात खड्डा पडल्यागत होई, कारण नसता रडू येई. मुंबईला भेटायला आलेले आईवडील परत निघाले, तेव्हा आईपुढं तिचा बांध फुटला. आईनं ओळखलं, हे साधं रडणं नव्हे. तिनं लेकीला उपचार घ्यायला लावले. सल्ला आणि औषधं यांनी ती सावरली. मग २०१५ साली, २९ व्या वर्षी, आपल्याला नैराश्याचा आजार झाल्याचं तिनं चारचौघांत सांगितलं.

आपल्या घरात सून गप्पगप्प झाली, पोराची अन्नावरची वासना उडाली, झोप गेली, तर सोंग म्हणू नका. अंगारेधुपाऱ्यांत दिवस घालवू नका. दोन आठवडे असंच राहिलं, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येतं, मराठीतही.

आणि जीव नकोसा झाला असं कुणी बोललं, तर दिवस मोजू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आधी कुलपात घाला.