कावीळ ‘उतरवण्या’आधी



कावीळ म्हटली की आपल्या घरांतून पहिली आठवण होते ती डॉक्टरांची नव्हे, माळेची! डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं झालं, की झाली कावीळ बरी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवा महिना होता. डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा माळ घालणाऱ्याचा पत्ता तिच्या आईला मीच दिला. मला लहानपणी त्यानं ‘गुण’ आला होता ना! चार दिवस त्यात गेले. पाचव्या दिवशी पोर असंबद्ध बोलू लागली. धावत दवाखान्यात नेलं. ती वाचली, बाळ नाही वाचलं. तिच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण तेव्हापासून या आजाराविषयी मिळेल ते मी वाचत आले आहे. त्यातलंच आज सांगते.

१९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. तिचा अभ्यास तिथल्याच डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी केला. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा ‘ए’ हा विषाणू तेव्हा ठाऊक होता, रक्तातून पसरणारा ‘बी’ही ठाऊक होता. रोग्यांच्या रक्ताच्या तपासणीत मात्र यांपैकी कोणीच सापडेना. तेव्हा हा दूषित पाण्यातून येणारा कुणी निराळाच विषाणू असावा, असं त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडलं. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ डॉ. बालायान यांनी तर रोग्यांच्या विष्ठेतला अंश स्वतः पिऊन, आजारी पडून तो विषाणू दाखवून दिला! आज त्याला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनीही त्यावर पुष्कळ काम केलं.

पण आपण बायकांनी लक्षात ठेवायचा तो डॉ. खुरूंचा १९८१ चा लेख. त्याच साथीत त्यांनी २०८ गरोदर स्त्रिया पाहिल्या. त्यांतल्या ३६ जणींना कावीळ झाली, आणि त्यांपैकी आठ जणींचं यकृत झपाट्यानं निकामी होत गेलं. गरोदर नसलेल्या, त्याच वयाच्या ३,३५० स्त्रियांपैकी आजारी पडल्या ७१. पण इतकी गंभीर अवस्था त्यांच्यापैकी एकीचीही झाली नाही. पाणी तेच, आजार तोच. फरक फक्त पोटात बाळ असण्याचा.

माळेचं गुपितही यातच आहे. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय मिळतं माळेला. माझंही लहानपणी तेच झालं असणार. गरोदर बाईला मात्र हे चार दिवस परवडत नाहीत.

तेव्हा घरात गरोदर लेक-सून असेल तर एवढं कराच. पाणी खळखळून उकळलेलंच द्या. तुरटीनं गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही. साध्या गाळणीतूनही तो पार होतो. नळाला गढूळ किंवा वासाचं पाणी आलं, तर नगरपालिकेत तक्रार नोंदवा. गटाराशेजारची फुटकी नळी पुष्कळदा याच्या मुळाशी असते. उघड्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी यांचे डोहाळे घरीच पुरवा. स्वच्छतागृहातून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा.

अन्नावरची वासना उडाली, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद पिवळी झाली, तर ‘दिवसच आहेत, होतंच’ असं म्हणू नका. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. ग्लानी, असंबद्ध बोलणं, कुठूनही रक्त येणं ही लक्षणं दिसली तर थेट मोठं रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी देऊ नका, झाडपाल्याचा काढाही नको.

परवाच एकीनं मला माळवाल्याचा पत्ता विचारला. सूनबाईंना पाचवा महिना आहे. मी पायांत चपला सरकवल्या आणि दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेले.