सावर्ड्याहून सायकलने किनारा

सावर्ड्याला कोकण रेल्वेतून सायकल उतरवली की थेट महामार्ग धरू नका. चौपदरी रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत कोकण दिसत नाही. आधी जवळच डेरवणची शिवसृष्टी पाहा, मग चिपळूणजवळ वाशिष्ठीकाठचा गोवळकोट किल्ला, आणि तिथून गुहागर गाठा. अंजनवेलच्या गोपाळगडावर थांबाच. जांभा खोदून काढलेला खंदक आणि खाली दाभोळची खाडी पाहिली की गलबतांवर इथूनच नजर का ठेवत, ते कळतं. पुढे वेळणेश्वर, हेदवी. हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच बघावी. चिंचोळ्या फटीतून पाणी उसळतं ते तेव्हाच. या किनारी वाटेवरचे चढउतार धाप लावतात, सायकल हातात धरून चालावं लागलं तरी कमीपणा नाही. तवसाळला फेरीबोटीत सायकल चढवा, शास्त्री नदीची खाडी ओलांडा आणि जयगडला उतरा. हीच शास्त्री आत संगमेश्वराजवळून येते, जिथल्या कसब्यात १६८९ साली संभाजीराजे पकडले गेले. परतीच्या वाटेवर कसब्याचं कर्णेश्वर मंदिर चुकवू नका. एक मागणी मात्र आहे: या किल्ल्यांच्या पायथ्याशी प्यायचं पाणी आणि मराठीत नीट माहितीफलक हवेत. हे आपल्या ग्रामपंचायतींना सहज जमेल.