हॉलची किल्ली कुणाकडे?

मागच्या सेमिस्टरमधली गोष्ट. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सहा जण बॉल घेऊन आपल्या कॉलेजच्या 'बहुउद्देशीय सभागृहा'च्या दारात उभे. दाराला हे भलंमोठं कुलूप. वॉचमन काका म्हणाले, "किल्ली जिमखान्यात." जिमखाना बंद. "मग पीटी सरांना विचारा." सर गावाला. सोमवारी अर्ज लिहिला, त्यावर एचओडींची सही घेतली, मग स्पोर्ट्स सेक्रेटरीची. ऑफिसात अर्ज चार दिवस फिरला आणि परवानगी आली तोपर्यंत युनिट टेस्ट सुरू झाली होती. हॉलमध्ये बेंच लागले होते.

मित्रांनो, या हॉलमध्ये काय काय होतं ते एकदा मोजून बघा. युनिट टेस्ट होते. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांचं प्री-प्लेसमेंट टॉक होतं. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत टेबलं लागतात, रक्तदान शिबिर होतं, गॅदरिंगच्या नाटकाची प्रॅक्टिस होते. बहुउद्देशीय म्हणजे खरोखर बहुउद्देशीय! फक्त ज्या कामासाठी फरशीवर पिवळे पट्टे मारले आणि दोन टोकांना रिंगा बसवल्या, तेवढा एक उद्देश सोडून.

हे सगळं डोक्यात असताना आमच्या एका सिनियरचा फोटो आला. तो अमेरिकेत एम. एस. करतोय, कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स नावाच्या गावात. फोटोत एक अवाढव्य हॉल, गच्च भरलेला, आणि खाली लिहिलेलं, "हे आमचं देऊळ." त्या हॉलचं नाव अ‍ॅलन फील्डहाउस. उत्सुकता म्हणून वाचायला बसलो आणि सबमिशन बाजूला राहिलं. कारण त्या हॉलची गोष्ट वाटली तेवढी परकी नव्हती.

आधी थोडं मागे जाऊ. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या एका व्यायामशिक्षकानं डिसेंबर १८९१ मध्ये शोधून काढला, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत. बाहेर थंडी, मुलं कंटाळलेली, वरून आदेश की यांना आत खेळता येईल असं काहीतरी काढा. नेस्मिथनं १३ नियम लिहिले आणि गॅलरीच्या कठड्याला पीच ठेवायच्या दोन टोपल्या ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग १० फुटांवरच, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. कुठल्याही समितीनं अभ्यास करून काढलेला आकडा नाही हा! जागा होती तशी वापरली, एवढंच.

हाच नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आला. प्रार्थनागृहाचा प्रमुख आणि व्यायामशिक्षक अशी दुहेरी नोकरी. तिथे त्यानं बास्केटबॉलची टीम सुरू केली. सुरुवातीला खेळायला काय होतं? एका इमारतीचं ठेंगण्या छताचं तळघर. १९०७ मध्ये रॉबिन्सन जिम्नॅशियम झालं, १९२७ पासून हॉच ऑडिटोरियम नावाच्या सभागृहात सामने होऊ लागले. सभागृह हो, बास्केटबॉलसाठी बांधलेलं नाही! म्हणजे ज्या विद्यापीठाला आज या खेळाची पंढरी म्हणतात, तिथेही ५०-५५ वर्षं आपल्यासारखीच अ‍ॅडजस्टमेंट चालू होती.

आणखी एक मजा. खेळ शोधणाऱ्या नेस्मिथचं कोच म्हणून रेकॉर्ड ५५ विजय आणि ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला तो एकमेव कोच! पण त्याला कुणी 'रिझल्ट दाखवा' म्हणून हाकललं नाही. त्याच्या हाताखालून फॉग अ‍ॅलन तयार झाला, जो पुढे एकूण ३९ सीझन तिथे कोच होता. नव्या हॉलला नाव मिळालं ते या अ‍ॅलनचं.

आता हॉलकडे वळू. सिव्हिलवाल्यांनी इथे कान द्यावा. १९५० च्या सुमारास बांधायचं ठरलं आणि कोरियाचं युद्ध सुरू झालं. पोलादाची टंचाई. खेळाच्या हॉलला स्टील कोण देणार? तेव्हा प्लॅनमध्ये शस्त्रं ठेवायच्या खोल्या दाखवल्या गेल्या, इमारत लष्करी प्रशिक्षणाच्या उपयोगाची ठरली आणि स्टील मंजूर झालं. म्हणजे 'बहुउद्देशीय' या शब्दाची युक्ती त्यांनीही केली! फरक एवढाच की त्यांनी इतर उद्देश दाखवले ते खेळाला जागा मिळावी म्हणून. आपण खेळाचा उद्देश दाखवतो आणि जागा इतर कामांना देतो.

१ मार्च १९५५ ला उद्घाटनाचा सामना झाला. कॅन्ससनं शेजारच्या कॅन्सस स्टेटला ७७-६७ असं हरवलं. हॉलची क्षमता होती १७ हजार. नंतरच्या बदलांनंतर ती थोडी कमी झाली, तरी आजही १५ हजारांच्या वर आहे. गंमत म्हणजे सुरुवातीला आतली जमीन चक्क मातीची होती. त्यावर लाकडी कोर्ट उचलून बसवलेलं आणि भोवती धावायचा ट्रॅक. सीझनला बास्केटबॉल, हिवाळ्यात ॲथलेटिक्सच्या स्पर्धा, सगळं एकाच छताखाली. विल्ट चेंबरलेन हा सात फुटी अवलिया १९५५ मध्ये तिथे शिकायला आला, तो बास्केटबॉल तर खेळलाच, शिवाय विद्यापीठाकडून उंच उडीतही उतरला. पुढे ॲथलेटिक्ससाठी शेजारीच वेगळं पॅव्हिलियन झालं.

आणि भाषणं? तीही झाली. १८ मार्च १९६८ ला रॉबर्ट केनेडी याच हॉलमध्ये बोलले. देशाच्या उत्पन्नाचा आकडा सगळं मोजतो, पण ज्यामुळे जगण्याला अर्थ येतो ते मोजत नाही, असा त्या भाषणाचा सूर होता आणि अर्थशास्त्रवाले आजही त्याचा दाखला देतात. म्हणजे हॉलमध्ये भाषण होऊ नये, परीक्षा होऊ नये असं माझं म्हणणं नाही. घरात एकच खोली असली तर तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. पण म्हणून कुणी कायमचं जेवण बंद करत नाही!

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, "बघा, अमेरिका कुठे आणि आपण कुठे!" थांबा. मला हे अजिबात म्हणायचं नाही.

एक तर तिथल्या कॉलेज खेळाचा आता मोठा धंदा झालाय. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टानं एक तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा, एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. नेस्मिथच्या त्या १३ नियमांचे टाइप केलेले मूळ कागद २०१० च्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. ते आता फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत काचेआड आहेत. आणि फील्डहाउसच्या कोर्टवर माझ्या सिनियरसारखा साधा विद्यार्थी मनात येईल तेव्हा खेळू शकत नाही. ते टीमचं कोर्ट. तो बघायला जातो, ओरडायला जातो. २०१७ मध्ये तिथल्या प्रेक्षकांच्या आवाजाची १३०.४ डेसिबल अशी विक्रमी नोंद झाली, त्यात ओरडणारेच जास्त! साध्या विद्यार्थ्याला खेळायला वेगळं रिक्रिएशन सेंटर आहे, २००३ मध्ये उघडलेलं. आपल्याला अशा दोन-दोन इमारती परवडणार नाहीत. आपल्याकडे एकच आहे. म्हणून ती कुणासाठी, हे आधी ठरवायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९३३ च्या सुमारास जॉन मॅकलेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससमध्ये शारीरिक शिक्षण शिकायला आला. नेस्मिथ त्याचा मार्गदर्शक. पण टीम फक्त गोऱ्यांची, त्यामुळे बास्केटबॉलच्या जनकाकडे शिकूनही त्याला विद्यापीठाच्या टीममध्ये खेळता आलं नाही. पोहण्याच्या तलावातही बंदी. हा पठ्ठ्या तलावात उतरला तर तलावातलं पाणी काढून टाकण्यात आलं! पण तो हटला नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिला आणि शेवटी तलाव सगळ्यांना खुला झाला. हाच मॅकलेंडन पुढे मोठा कोच झाला. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं त्याच्या टीमनं एनएआयए ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

ही गोष्ट वाचली आणि मला आपला हॉल आठवला. तलाव होता, पाणी होतं, शिकवणारा साक्षात नेस्मिथ होता. तरीही 'आत कोण येणार' या एका प्रश्नावर सगळं अडलं होतं. आपल्याकडे तसा भेदभाव नाही, असं आपण पटकन म्हणतो. मग सांगा, गेल्या वर्षभरात मुलींची टीम हॉलमध्ये किती वेळा खेळली? लेक्चर-प्रॅक्टिकल संपतात साडेपाचला. हॉल मिळालाच तर सहाला. मुलींच्या होस्टेलचं गेट बंद होतं सातला. नियम कुणी खेळाविरुद्ध केलेला नाही, मान्य. पण गणित मांडलं की उत्तर शून्यच येतं. आमच्या वर्गातली एक मुलगी शाळेत असताना जिल्हा पातळीवर खेळलेली आहे. तिनं तीन वर्षांत इथे एकदाही बॉल हातात धरला नाही. "बूट आता बहिणीला दिले," असं ती हसत हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

"इंजिनिअरिंगला खेळायला वेळ कुणाला असतो?" हे वाक्य आपण फर्स्ट इयरपासून ऐकतो. वेळ असतो हो! टपरीवर बसायला असतो, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गेम खेळायला असतो. नसते ती उघडी जागा. आणि आपल्या मातीत हे नवीन नाही. १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला, म्हातारा नेस्मिथ तो बघायला हजर होता. त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करायला गेली होती. १९१४ साली सुरू झालेल्या त्या आखाड्याच्या संस्थेनं पुढे इंजिनिअरिंग कॉलेजही काढलं. तिथे व्यायामशाळेला कॉलेज सुचलं, आपल्या कॉलेजला व्यायामशाळेचं दार उघडायला सुचू नये?

नुसती तक्रार करून थांबलो तर हे लिखाण कट्ट्यावरच्या बडबडीसारखं होईल. म्हणून साध्या चार मागण्या, एकही पैसेखाऊ नाही.

एक, हॉलचं आठवड्याचं टाइमटेबल दारावर लावा. रोज सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५.३० ते ७.३० फक्त खेळ, आणि त्यातले तीन दिवस मुलींसाठी राखीव. त्या दिवशी होस्टेलचं गेट आठपर्यंत उघडं ठेवा.

दोन, किल्ली जिमखान्याच्या कपाटात नको, वॉचमन काकांकडे द्या. आय-कार्ड जमा करा, रजिस्टरमध्ये सही करा, किल्ली घ्या. काही मोडलं तर सही करणारा जबाबदार.

तीन, परीक्षेचे बेंच त्याच दिवशी हलवा. युनिट टेस्ट तीन दिवसांची असते आणि बेंच तीन आठवडे पडून राहतात. उचलायला माणसं नसतील तर आम्ही येतो. लेखी देतो.

चार, कोर्टच्या बरोबर वर लोंबणारे पंखे बाजूच्या भिंतींवर घ्या. नियमाप्रमाणे कोर्टच्या वर किमान ७ मीटर मोकळं हवं. आपलं छत तेवढं आहे, मी टेपनं मोजलंय, पण पंखे खाली येतात आणि उंच पास दिला की बॉल पात्याला लागतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, हा मिनी प्रोजेक्ट घ्या की कुणीतरी!

आपल्याला १७ हजारांचा हॉल नकोय. विजेते बॅनर नकोत, डेसिबल नकोत. नेस्मिथला एक खोली, दोन टोपल्या आणि कंटाळलेली पोरं मिळाली आणि खेळ उभा राहिला. आपल्याकडे खोली आहे, रिंगा आहेत, आणि कंटाळलेली पोरं तर हवी तेवढी आहेत!

पुढच्या रविवारी सात वाजता आम्ही पुन्हा दारात उभे राहणार आहोत. या वेळी मुलीही असतील. प्राचार्य सर, किल्लीचं तेवढं बघा.

– टी. ई. सिव्हिलचा एक विद्यार्थी