मुलांना आधी बघू द्या

इथे परदेशात आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांचा कार्यक्रम होतो. कोणी अथर्वशीर्ष म्हणतं, कोणी कोळीगीतावर नाचतं, आणि दोन-तीन मुलं माइकसमोर येऊन गप्प उभी राहतात. मग सभागृहातून प्रेमळ हाका सुरू होतात. "अगं, लाजतेस काय?" "घरी तर किती छान म्हणतेस!" तिकडे आईचा चेहरा उतरतो. या हाका आपण बंद कराव्यात, असं माझं म्हणणं आहे. गप्प उभ्या राहिलेल्या मुलात काही बिघडलेलं नसतं.

माझी चार वर्षांची लेक त्यांतलीच. नवं माणूस दिसलं की ती आधी माझ्या ओढणीआड जाते, तिथून त्याला नीट न्याहाळते, आणि सगळे तिला विसरले की पुढे येऊन एकच प्रश्न विचारते. इतका वेळ ती काय करत होती, ते त्या प्रश्नावरून समजतं.

उन्हाळ्यात आम्ही पुण्याजवळ निगडीला, माझ्या माहेरी होतो. तळवड्यावरून चाकणला जाताना नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर एकामागून एक दिसत होते. ती चकार शब्द बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "आबा, त्या गाड्यांना चाकं आहेत ना? मग त्या दुसऱ्या गाडीवर बसून का जातात?" आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, उभी हयात कारखान्यात गेली. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी तिला गिऱ्हाईक, नवी गाडी आणि किलोमीटरचा आकडा समजावून सांगितला. महिन्याभरात ती सर्वांत जास्त मराठी बोलली ते याच माणसाशी. तेही त्यांनी कधी "बोल" म्हटलं नाही म्हणून.

आम्ही वाढलो तो भागच कारखान्यांच्या वेळेवर चालणारा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आणि बजाज आल्या. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, सेक्टर पडले, आणि सातारा, सोलापूर, नगर, खानदेशातून पोटासाठी आलेल्या माणसांनी तिथे घरं बांधली. "बाबा नाइट करून आलेत, आवाज नको," हे आमच्या गल्लीत घरोघरी ऐकू यायचं. मला ती शांतता मानवली. माझा भाऊ जन्मजात बडबड्या, त्याला तिचा जाच झाला. एकच घर, तेच आईबाप. तरी एकाला जे पथ्यकर ठरलं, त्याचाच दुसऱ्याला त्रास झाला.

स्वभावांतला हा फरक अभ्यासकांनीही टिपला आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलांचा अगदी तान्हेपणापासून अभ्यास सुरू केला आणि तो पुढे अनेक वर्षं चालवला. काही मुलं नव्या गोष्टीत चटकन रमतात, काही त्रागा करतात, काही हळूहळू रुळतात, असं त्यांना दिसलं. यातला कुठलाच स्वभाव त्यांनी दोष मानला नाही. मुलाचा स्वभाव एकीकडे आणि मोठ्यांच्या अपेक्षा दुसरीकडे असं झालं, की अडचणी वाढतात, हा त्यांचा निष्कर्ष.

यावर कोणी म्हणेल, की परदेशात मुलांना चारचौघांत मराठी बोलायची ही एकच संधी मिळते. ढकललं नाही तर धीटपणा यायचा कसा? काळजी खरी आहे. ज्यांना रंगमंच आवडतो त्यांच्याकडून तो कोणी काढून घेऊ नये. पण सर्वांदेखत हाका मारून धीटपणा येत नाही. येते ती धास्ती, आणि ती मराठीलाच चिकटते.

मग करायचं काय? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना दोष न देता त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. मूल येत नसेल तर मोठ्यांनी जागा बदलायची, ही रीत आपल्याच मातीतली आहे. आपल्याला तर फक्त एक अर्ज बदलायचा आहे.

नावनोंदणीच्या अर्जात "मूल काय सादर करणार" असा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक हवा: "मुलाला काय करायला आवडेल." पताका लावणं, प्रसाद वाटणं, पडदा ओढणं, किंवा पहिल्या वर्षी नुसतं बघणं. हा रकाना आईबापांनी मुलाला विचारून भरावा. माइकसमोर कोणी गप्प राहिलं तर निवेदकाने हसून पुढचं नाव पुकारावं. कार्यकारिणीने मनावर घेतलं तर हे यंदाच्या गणपतीपासूनच होईल. माझ्या लेकीचं नाव मी पडदा ओढणाऱ्यांत देते आहे, तिला विचारूनच.