जलसंजीवनीचे नाव वाचले, विज्ञान अजून पोहोचायचे आहे

ऑक्टोबर २०२५मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्यास त्याने मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे चिकाटीने केलेल्या पाठपुराव्याचे हे फळ. आदेश योग्यच आहे. मात्र बातम्यांतील चर्चा 'साखर जास्त, म्हणून अपाय' एवढ्यावरच थांबली. अपाय नेमका का होतो, हे आतड्याचे कार्य समजल्यावाचून कळत नाही.

प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात दररोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातील जेमतेम दोन लिटर आपण प्यालेला असतो. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. मलावाटे बाहेर जाते ते सुमारे शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेले सारे आतडी परत शोषून घेतात. हा हिशेब किंचित जरी चुकला, तरी त्याचेच नाव अतिसार.

पाणी स्वतःहून आतड्याची भिंत ओलांडत नाही. ते क्षारांच्या मागोमाग जाते. पटकीच्या जंतूचे विष पेशींना क्लोराइड बाहेर ओतायला लावते आणि सोडियम आत घेण्याची नेहमीची वाट अडवते. एक वाट मात्र शाबूत राहते. ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन आयन बरोबर घेऊन आत जातो आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणूनच ओआरएसमधील साखर ही चवीसाठी किंवा शक्तीसाठी नसते, ती सोडियमची वाहक असते. एका लिटरला निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम, हे प्रमाण त्यासाठीच. साखर अनेक पटींनी वाढवली की शोषली न गेलेली साखर आतड्याच्या पोकळीत पडून राहते आणि शरीरातलेच पाणी बाहेर ओढते. औषध म्हणून पाजलेले गोड पेय मग जुलाब वाढवते. तान्ह्या मुलाच्या अंगात पाण्याचा साठा मुळातच थोडा. त्याला ही चूक काही तासांत भोवू शकते.

या विज्ञानाचा मोठा भाग भारतभूमीवर घडला, याची आठवण क्वचितच काढली जाते. पटकीचे विष जंतूंपासून वेगळे असूनही काम करते, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. १९८५मध्ये ते निवर्तले, तोवर देशाने त्यांचा कोणताही मोठा गौरव केला नव्हता. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांतून वाटले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३मध्ये, मरणोत्तर. (आपल्याकडे सन्मानही सलाइनसारखाच उशिरा पोहोचतो!)

एवढे असूनही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अतिसार झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळाले होते. याला केवळ पालकांचे अज्ञान कारणीभूत मानणे अन्यायाचे ठरेल. कर्नाटक आणि बिहारमधील उपचारकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२४मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यानुसार ओआरएस न लिहून देण्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे 'रुग्णाला ते नकोच असते' हा उपचारकांचा समज. प्रत्यक्षात तो समज बहुतांशी खोटा होता. पुडीऐवजी प्रतिजैविक हाती पडले, की विषाणूजन्य अतिसारात त्याचा उपयोग शून्य, आणि आतड्यातील उपकारक जंतूंची हानी मात्र निश्चित.

वेष्टनावरील अक्षरे पुसणे हे प्राधिकरणाचे काम होते आणि ते झाले. पुडी उघडल्यानंतरची चूक कोणताही आदेश टाळू शकत नाही. एक लिटरची संपूर्ण पुडी एकाच पेल्यात कालवली, तर द्रावण इतके दाट होते की हेतूच फसतो. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, आणि घोट-घोट पाजणे, इतके तरी औषध दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला हवे. सोबत दोन आठवडे जस्ताच्या गोळ्याही द्यायच्या असतात. त्याच सर्वेक्षणात त्या मिळालेल्या बालकांचे प्रमाण ३०.५ टक्के होते.